स्मार्ट टीव्हीतली जाहिरात आणि हेरगिरी बंद केली (माझा अनुभव)

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी स्मार्ट टीव्ही आहे, रोख पैसे मोजून घेतलेला, आणि एका अपडेटनंतर होम स्क्रीनवर अर्धा पडदा भरून जाहिरात यायला लागली. आईला भजन लावायचं तर आधी लोन ॲपची जाहिरात बघायची, का म्हणून? टीव्ही आमचा आहे ना!

सेटिंग खोदत बसलो तर अटी-शर्तींच्या आत 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' चालू सापडलं. यालाच एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन) म्हणतात, म्हणजे टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन तुम्ही काय बघताय ते ओळखतो आणि कंपनीला कळवतो, बऱ्याच टीव्हीत तर सेट-टॉप बॉक्सवरचंसुद्धा. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला याच प्रकरणात २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले.

ते बंद केलं, पर्सनलाइज्ड जाहिराती बंद, ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले टीव्ही ज्यावरून ओळखतात तो क्रमांक) रिसेट. तरी होम स्क्रीनवरची जाहिरात गेली नाही, कारण ती नेटवरून येते. मग ऑटो अपडेट बंद करून वायफायच 'फर्गेट' केलं, टीव्ही बंद-चालू केला, आणि जाहिरातीच्या जागी नुसता करडा चौकोन! लई बरं वाटलं.

आता भजनं पेनड्राइव्हवर (पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवा), ओटीटी लॅपटॉपवरून एचडीएमआयनं. नवीन टीव्ही घेणार असाल तर नेट न जोडता सेटअप पूर्ण होतो का, ते दुकानातच करून दाखवायला सांगा.