जनुकशास्त्राचा अभ्यास: आधी दोरे, मग चौकटी

शाळेत मेंडेलचे ३:१ (दुसऱ्या पिढीत तिघांत एक गुण, चौथ्यात दुसरा) पाठ करून भागते. कॉलेजात उदाहरण जरा फिरवून येते आणि पाठ केलेले गुणोत्तर कुठे बसवायचे तेच कळत नाही. बहुतेकांचे घोडे पेंड खाते ते मायोसिसपाशी (युग्मके, म्हणजे अंडी आणि शुक्राणू, बनवणारे पेशीविभाजन), दोष मात्र पनेट चौकटीला (पालकांची युग्मके मांडून संतती काढायचा तक्ता) मिळतो. म्हणून सुरुवात मायोसिसपासून करा.

१. दोरे घेऊन बसा; एक दोरा म्हणजे एक गुणसूत्र. लाल दोरे आईकडचे, निळे वडिलांकडचे. प्रत्येक रंगाचा एक लांब, एक आखूड. लांब लाल आणि लांब निळा ही एक समजात (एकाच प्रकारच्या गुणसूत्रांची) जोडी, आखूड दोघांची दुसरी. प्रत्येक दोऱ्याला त्याच रंगाचा, त्याच लांबीचा दोरा मध्ये गाठ मारून जोडा. गुणसूत्रे दुप्पट झाली. पहिल्या विभाजनात लाल आणि निळा वेगळे होतात, गाठी तशाच राहतात. गाठी सुटतात त्या दुसऱ्या विभाजनात. परीक्षेत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, आणि एकदा हाताने केले की तो पुन्हा होत नाही.

आता लांब जोडी तशीच ठेवून आखूड जोडी उलटी मांडा आणि सगळे पुन्हा करा. दोन्ही मांडण्या मिळून चार प्रकारचे युग्मक तयार होतात. इंडिपेंडंट असॉर्टमेंट म्हणतात ते हेच. माणसाच्या २३ जोड्यांना हा हिशेब लावला तर ८३,८८,६०८ प्रकार होतात, तेही क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या दोऱ्यांमधली तुकड्यांची अदलाबदल) न धरता.

२. चौकट आखण्याआधी युग्मक लिहा. एका युग्मकात प्रत्येक जनुकाचे एकच अलील (जनुकाचे एक रूप, ते एका अक्षराने लिहितात) असते. एकाच जनुकाची दोन अक्षरे एका युग्मकात दिसली की तिथेच थांबा. अक्षरही विचार करून निवडा: ‘एस’ किंवा ‘सी’ घेतले तर घाईत मोठे कुठले नि छोटे कुठले ते स्वतःलाच वाचता येत नाही. ‘आर’ किंवा ‘जी’ बरे.

३. तीन जनुके आली की चौकट सोडा. ६४ घरे भरण्यात वेळ जातो आणि चुका वाढतात. प्रत्येक जनुक वेगळे सोडवून गुणाकार करा. तिन्ही जनुकांत विषमयुग्मजी (दोन वेगळी अलील) असलेल्या पालकांच्या संततीत पहिले दोन गुण प्रभावी (एका अलीलानेही दिसणारे) आणि तिसरा अप्रभावी (दोन्ही अलील त्याचीच असली तरच दिसणारा) असण्याची शक्यता: ३/४ × ३/४ × १/४, म्हणजे ९/६४. अर्थात, ही जनुके स्वतंत्रपणे वाटली जात असतील तरच.

४. खऱ्या आकड्यांवर हात बसवा. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले. ३:१ प्रमाणे ५,४९३ आणि १,८३१ हवे होते. फरक १९. काय-वर्ग (अपेक्षेपासूनचा फरक योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारा आकडा) काढा: सुमारे ०.२६ येतो. एका स्वातंत्र्यमात्रेसाठी (गटांच्या संख्येपेक्षा एक कमी; इथे गट दोन) ५ टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे ३:१ नाकारायला कारण नाही. ‘सिद्ध झाले’ असे मात्र लिहू नका, गुण जातात.

५. वंशावळीतला सापळा ओळखा. आईवडील दोघेही निरोगी वाहक (आजाराचे एकच अलील असलेले), एका भावाला अप्रभावी आजार, बहीण निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता किती? हात आपोआप १/२ लिहितो. पण ती निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून चारपैकी आजाराचे घर बाद होते. उरलेल्या तीनपैकी दोन घरे वाहकांची. उत्तर २/३.

६. लिंकेज शेवटी घ्या आणि दोरे पुन्हा बाहेर काढा. दोन जनुके एकाच दोऱ्यावर असली तर ती बहुधा एकत्रच जातात. मधे अदलाबदल झाली तरच सुटी होतात. जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी अदलाबदलीची संधी जास्त. याच कल्पनेवर जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. उदाहरणात पुनर्संयोजित संतती (अदलाबदलीमुळे पालकांपेक्षा वेगळी जुळणी असलेली) १ टक्का असेल तर अंतर १ सेंटीमॉर्गन (जनुकांमधल्या अंतराचे एकक) धरा. पण हा आकडा ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. तुमचा ६२ आला असेल तर मूळ आणि पुनर्संयोजित गटांची अदलाबदल झालेली असते.