तापमानातला फरक सेल्सिअसवरून फॅरनहाइटमध्ये कसा काढावा

पृथ्वीचं तापमान १.५ अंश सेल्सिअसने वाढलं, तर फॅरनहाइटमध्ये ही वाढ किती? कन्व्हर्टरमध्ये १.५ टाकून पाहिलंत तर ३४.७ येईल. खरं उत्तर २.७ आहे. कन्व्हर्टरचा यात काही दोष नाही. त्याला तापमान विचारलं गेलं, आपल्याला हवी होती वाढ.

पाणी सेल्सिअसमध्ये ० ला गोठतं आणि १०० ला उकळतं, फॅरनहाइटमध्ये ३२ आणि २१२ ला. म्हणजे एकाच अंतराचे इकडे १०० भाग, तिकडे १८०. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश. ३२ हा फक्त शून्य कुठे धरला याचा फरक आहे आणि वजाबाकी केली की तो उडून जातो. पडताळून पाहा: २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ फॅरनहाइट, २५ म्हणजे ७७. इकडे ५ वाढले, तिकडे ९.

१. आधी आकडा कशाचा आहे ते बघा. ‘पारा ४० वर गेला’ हे तापमान, तिथे ३२ लागतात. ‘५ अंशांनी उतरला’ किंवा ‘± ०.५’ हा फरक, तिथे ३२ चं नावही काढायचं नाही.

२. सेल्सिअसमधल्या फरकाला १.८ ने गुणा. तोंडी करायचं तर दुप्पट करून त्यातून दहावा भाग वजा करा: १५ चे ३०, वजा ३, उत्तर २७. हे अगदी अचूक येतं.

३. उलट जाताना १.८ ने भागा. तोंडी हिशेबात निम्मं करून त्यातच त्याचा दहावा भाग मिळवा. २७ चे १३.५, अधिक १.३५, म्हणजे १४.८५. खरं उत्तर १५. या युक्तीत साधारण एक टक्का कमी येतं, रोजच्या कामाला चालतं.

४. शेवटी नजर टाका. फरकाचा फॅरनहाइट आकडा सेल्सिअसच्या दुपटीपेक्षा थोडा कमीच असला पाहिजे. त्याहून बराच मोठा आला तर बहुधा ३२ घुसले आहेत.

तापाचं उदाहरण घ्या. ३७ वरून ३८.५ सेल्सिअस म्हणजे १.५ ची वाढ, फॅरनहाइटमध्ये २.७, ९८.६ चे १०१.३. थर्मामीटरवर ± ०.१ सेल्सिअस लिहिलं असेल तर ते ± ०.१८ फॅरनहाइट.

‘दर अंशाला’ असं माप आलं की भलेभले फसतात, कारण तिथे गुणायचं नसून भागायचं असतं. एक मीटर पोलाद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून दर अंशाची वाढही लहान: ०.००६७.

टक्केवारीच्या नादी मात्र लागू नका. १० वरून २० सेल्सिअस ‘दुप्पट’ दिसतं, पण तेच फॅरनहाइटमध्ये ५० वरून ६८ आहे. केल्विन या विज्ञानात वापरल्या जाणाऱ्या तापमानाच्या एककातला फरक सेल्सिअसइतकाच असतो, तेव्हा तिथेही हाच १.८ चालतो.