बँकेचा, फायनान्स कंपनीचा शेअर घेताय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्याला ताळेबंद शिकवावा लागत नाही. सुताचा साठा किती, कुठल्या पार्टीकडे किती थकलंय, एवढं ऐकलं की शेजारच्या कारखान्याची तब्येत तो सांगतो. पण हाच माणूस फायनान्स कंपनीचा शेअर घेताना नुसता पीई, म्हणजे शेअरची किंमत कमाईच्या किती पट आहे, तेवढंच बघतो. स्वस्त दिसला की घेतला.

कर्ज हाच जिथे माल आहे, तिथे नफा आधी दिसतो आणि तोटा मागून येतो. व्याज या तिमाहीत जमा धरतात. मुद्दल बुडालं हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे 'कर्जवाटप ४० टक्क्यांनी वाढलं' ही बातमी आली की आधी शंका घ्या. उधारी सैल सोडली की विक्री वाढतेच.

एनपीएची टक्केवारी कमी झाली म्हणून निश्चिंत होणे

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून आकडेच मांडतो. समजा १,००० कोटींच्या कर्जात ३० कोटी थकीत, म्हणजे ढोबळ एनपीए (एकूण कर्जातलं थकीत कर्ज) ३ टक्के. वर्षभरात कर्ज १,५०० कोटींवर गेलं आणि थकीत ३६ कोटी झालं. टक्केवारी २.४ वर आली. कंपनी म्हणणार 'गुणवत्ता सुधारली'. प्रत्यक्षात बुडीत ६ कोटींनी वाढलंय, आणि नवीन ५०० कोटींना हप्ते चुकवायला अजून वेळच मिळालेला नाही. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय खातं एनपीए होत नाही. त्यात काही कोटी निर्लेखित केले, म्हणजे राइट-ऑफ केले, की टक्का आणखी खाली. म्हणून तिमाही निकालात तीन गोष्टी रुपयांत शोधा: नव्याने थकलेली कर्जं (स्लिपेज), राइट-ऑफ आणि तरतूद (कर्ज बुडेल म्हणून नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम).

जाहीर आकड्यावर डोळे मिटून विश्वास

येस बँकेने मार्च २०१६ अखेर ढोबळ एनपीए सुमारे ७४९ कोटी दाखवला होता. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो ४,९०० कोटींच्या वर निघाला. ही तफावत 'डायव्हर्जन्स' म्हणून जाहीर झाली, कुणीही वाचू शकत होतं. तरी २०१८ च्या ऑगस्टमध्ये शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५० हजारांची मर्यादा लागली. वार्षिक अहवालाच्या टिपा कंटाळवाण्या असतात, मान्य. पण अशा गोष्टी तिथेच असतात.

'पुस्तकी किमतीपेक्षा स्वस्त' म्हणून उडी मारणे

बुक व्हॅल्यू म्हणजे कर्जं वसूल होतील असं धरून काढलेला आकडा. कर्जच खोटं निघालं तर पुस्तकही खोटं. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीच्या भागधारकांच्या हाती २०२१ मध्ये शून्य आलं.

उलट, 'कंपनीवर भांडवलाच्या पाचपट कर्ज आहे' म्हणून घाबरायचंही कारण नाही. उसने पैसे घेऊन व्याजाने देणं हा तर त्यांचा धंदाच. त्याऐवजी भांडवल पर्याप्तता बघा, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत कंपनीचं स्वतःचं भांडवल किती. बहुतेक मोठ्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना) ती किमान १५ टक्के ठेवावी लागते. मालमत्तेवरचा परतावा (एकूण मालमत्तेच्या किती टक्के नफा) बँकेत सलग काही वर्षं १ टक्क्याच्या वर असेल तर पुढे वाचायला हरकत नाही. एखाद्या एनबीएफसीचा तो ४-५ टक्के असेल तर ती कर्ज कुणाला देते ते तपासा. आपल्याकडे विडी कामगार वस्त्यांत एकाच घरात तीन-तीन बचत गटांचे हप्ते चालू असतात. मायक्रोफायनान्सचा, म्हणजे अशा गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा, शेअर घेण्याआधी तिथली वसुली कशी चाललीय एवढं विचारून या. त्याला पैसे पडत नाहीत.

ठेव आणि शेअर एकच समजणे

पाच लाखांचं विमा संरक्षण बँकेतल्या ठेवीला आहे. शेअरला नाही, आणि एनबीएफसीच्या ठेवीलाही नाही. नागरी सहकारी बँकेकडून कर्ज घेताना कापून घेतलेले शेअर्स तर वेगळंच प्रकरण: ते बाजारात विकता येत नाहीत, आणि बँक परत घेते तेव्हा सहसा दर्शनी किंमतच मिळते. ते डिमॅटच्या हिशोबात धरू नका.