जिमच्या तोंडून ‘हकलबेरी फिन’ सांगताना : या चुका टाळा

अभिजात कादंबरी गुलाम पात्राच्या बाजूने पुन्हा लिहिताना पहिली चूक प्रसंगांच्या निवडीत होते. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधले (1884) प्रसंग त्याच क्रमाने घेऊन कथा सांगणाऱ्या हक या मुलाऐवजी त्याच्यासोबत पळालेल्या गुलाम जिमला ‘मी’ म्हणायला लावले, तर हाती केवळ बदललेले सर्वनाम येते. तुमच्या मसुद्यात जिम हकच्या सोबत असतानाच दिसत असेल, तर दोष इथेच आहे असे समजावे. हक ग्रँजरफर्ड कुटुंबाचा पाहुणचार घेत असतो तेव्हा जिम जवळच्या दलदलीत लपून राहतो आणि रात्री तराफा दुरुस्त करतो. ट्वेनने हे दिवस जाता जाता उरकले आहेत, आणि तुमच्यासाठी मोकळी जागा नेमकी तीच आहे.

भाषेची चूक याहून अवघड. मराठीत जिमला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावण्याचा मोह होतो. पण त्यामुळे मिसिसिपीकाठचा माणूस विदर्भातला किंवा कोकणातला होतो, आणि बोलीलाही उगीच अडाणीपण चिकटते. हीच कथा जिमच्या तोंडून सांगणाऱ्या पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’ या कादंबरीत (2024) गुलाम आपसांत शुद्ध बोलतात आणि गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडके. ही युक्ती उचलू नये, परंतु मालकासमोरचे बोलणे आणि चुलीपाशी बोलणे यांतला फरक मराठीत वाक्यरचनेतून आणि मौनातून दाखवता येतो.

काळाचे भान सुटू देऊ नये. कथा साधारण 1835 ते 1845 या काळातली आहे, त्यामुळे पळालेल्या गुलामांविषयीचा 1850 चा कायदा तिच्यात आणता येत नाही. पळालेल्याला पकडून परत नेऊ देणारा 1793 चा कायदा मात्र लागू होता. म्हणूनच नदी ओलांडून इलिनॉय या मुक्त राज्यात पाऊल ठेवले म्हणजे जिम सुटला, असेही लिहू नये. तिथेही तो पकडला जाऊ शकत होता. त्याला केरो या गावाहून ओहायो नदीने वर मुक्त राज्यांकडे जायचे होते, आणि ते गाव धुक्यात मागे पडले.

शेवटाशी तर बहुतेक जण थबकतात. मालकिणीच्या मृत्युपत्राने जिम दोन महिन्यांपूर्वीच मुक्त झालेला असतो, हे ठाऊक असूनही हकचा मित्र टॉम कोंडलेल्या जिमच्या सुटकेचा खेळ लांबवतो आणि अखेरीस त्याच्या हातावर चाळीस डॉलर ठेवतो. वाटेत भेटलेल्या, स्वतःला ‘राजा’ म्हणवणाऱ्या भामट्याने त्याला विकले तेही चाळीस डॉलरांनाच. ट्वेनचा जिम या पैशांनी हरखतो. तुमच्या जिमने ते मोजताना बायको आणि दोन मुले आठवली पाहिजेत, कारण ती इतरांच्या मालकीची आहेत आणि त्या मृत्युपत्राने त्यांच्यापैकी कोणीही सुटलेले नाही.