ग्रीकांचा इतिहास शिकायचाय? आधी वही आखा

यंदा मे महिन्यात रेवदंड्याला घरी होते, तेव्हा शेजारची बारावी झालेली मुलगी पडवीत येऊन बसली. "ताई, तुझ्यासारखा ग्रीक इतिहास करायचाय. सुरुवात कुठून करू?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

सुरुवात भाषेपासून. अथेन्स, स्पार्टा नंतर. बीएला इतिहास घे, पण संस्कृत सोडू नकोस. ग्रीकची 24 अक्षरं आठवड्यात येतात. खरा घाम रूपं काढतात, आणि तिथे शाळेत घोकलेलं संस्कृत धावून येतं. 'दिदोमि' म्हणजे आपलं 'ददामि'. 'फेरो' म्हणजे 'भरामि'. भूतकाळात 'अभरम्'ला आधी 'अ' लागतो, तसा तिकडे 'ए' लागून 'एफेरोन' होतं. द्विवचनही आहे. वहीत दोन रकाने आख आणि शेजारीशेजारी लिही.

मग रोज दहा ओळी. 'पर्सियस' या संकेतस्थळावर मूळ ग्रंथ फुकट आहेत, शब्दावर क्लिक केलं की रूप आणि अर्थ दिसतो. पण आधी स्वतः ओळखायचं, मगच क्लिक. पावसात आपल्याकडे लाइट जाते, म्हणून उद्याच्या ओळी आजच उतरवून ठेव.

मी हे केलं नव्हतं. परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी थ्युसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकारावर निबंध पाठवला, तो सगळा इंग्रजी अनुवादावरून. कोर्कीरा बेटावरच्या यादवीबद्दल होता. मुलाखतीत विचारलं, "तुम्ही 'क्रांती' म्हणता, तिथे मूळ शब्द कोणता?" मला सांगता येईना. शब्द 'स्तासिस', धातू आपल्या 'स्था'चाच भाऊ. उभं राहणं, मग बाजू घेऊन उभं राहणं, मग गट, मग गावातल्या गावात रक्तपात. 'क्रांती' म्हटलं की ही सगळी वाट पुसली जाते. प्रवेश गेला, आणि तो योग्यच गेला.

दोनेक वर्षांनी 'पेरिप्लस' काढ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, समुद्री व्यापाराची माहिती देणारं हे ग्रीक पुस्तक. त्यात कल्लिएना, म्हणजे कल्याणनंतर 'एम्पोरिया तोपिका', स्थानिक बाजारपेठा, येतात आणि पहिलंच नाव सेमुल्ला. बहुतेक अभ्यासक ते आपलं चौल मानतात. मग 'स्थानिक' का म्हटलं असेल? त्याच्या आधीच लिहिलंय की कल्याणकडे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भरूचला नेत. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. असा प्रश्न हाती लागला की पीएचडीचा विषय वेगळा शोधावा लागत नाही.

गाइडना पत्र एका पानाचं लिही: प्रश्न काय, मुळातून काय वाचलंस. ग्रीसवरचं प्रेम तिथे नको. एमए करतानाच लॅटिन सुरू कर. जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरती तरी लागतेच, कारण कितीतरी महत्त्वाचं संशोधन त्याच भाषांत आहे.

कर्ज काढून मात्र जाऊ नकोस, स्कॉलरशिप मिळेपर्यंत थांब. नुसत्या ग्रीक इतिहासाची जागा आपल्याकडे क्वचितच निघते, म्हणून इतिहासाची नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देऊन ठेव. आणि हे आईबाबांना आत्ताच सांग, व्हिसा आल्यावर नको.