पेपरातलं सुडोकू सुटतंय ना, मग आता घड्याळ लावून बसा

चहासोबत पेपरातलं सुडोकू सोडवणारा माणूस आपल्याकडे घरटी एक तरी असतोच, आणि त्यातले बरेच जण मला विचारतात की याची खरंच वर्ल्ड चॅम्पियनशिप होते का. होते, २००६ पासून. पहिली इटलीत लुक्काला झाली, चेक रिपब्लिकची याना टिलोवा जिंकली, आणि २००८ ची तर इथे आपल्या शेजारी गोव्यात होती, ती अमेरिकेच्या थॉमस स्नायडरने मारली. २०१७ ला परत भारतात, बंगलोरला. मी स्वतः काही टॉपची वगैरे नाही, रँकिंगमध्ये मधेच कुठेतरी लटकलेली असते, पण सुरुवात कशी करायची आणि कुठे आपटायला होतं ते आता पाठ झालंय, म्हणून लिहितेय.

घरबसल्या सुरू करायचं तर दोन जागा. एक लॉजिक मास्टर्स इंडिया, तिथे वर्षभर ऑनलाइन टेस्ट असतात आणि भारताची टीम पण त्यांच्याच चॅम्पियनशिपमधून निवडली जाते. दुसरी म्हणजे वर्ल्ड पझल फेडरेशनची सुडोकू ग्रां प्री, वर्षात ८ राउंड, प्रत्येक राउंडची कोडी वेगळ्या देशाने बनवलेली, ९० मिनिटं. शुक्रवार ते सोमवार कधीही बसा, पण एकदा स्टार्ट दाबलं की घड्याळ थांबत नाही, मग दारावर कुरियरवाला येऊ दे नाहीतर कुकरची शिट्टी होऊ दे. मी रविवारी सकाळी ६ ला बसते, घरात कोणी उठायच्या आत.

राउंडच्या आधी इन्स्ट्रक्शन बुकलेट येतं, त्यात कुठले प्रकार आहेत, नियम काय, उदाहरण आणि कशाला किती पॉइंट सगळं असतं. नवीन लोक हे उघडतच नाहीत आणि मग राउंड चालू असताना नियम वाचत बसतात. असं करू नका. आदल्या दिवशी उदाहरणाची कोडी एकदा हाताने सोडवा, बास.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं स्पर्धेसाठी एक्स-विंग, स्वोर्डफिश असल्या नावांच्या भारी युक्त्या शिकाव्या लागतात. नाही लागत हो, क्वचितच लागतात. इथली बरीचशी कोडी माणसाने हाताने रचलेली असतात आणि साध्या लॉजिकने सुटतात, फरक पडतो तो पुढचा आकडा किती लवकर *दिसतो* त्याने. आणि त्यातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे बारीक अक्षरात भरून ठेवायची सवय. त्यात पाच मिनिटं जातात आणि ग्रिड मुंग्या लागल्यासारखं दिसतं, मग त्यात काही दिसेनासंच होतं.

त्याऐवजी स्नायडर नोटेशन करा, हो तोच गोव्याचा विजेता. नियम एकच, ३ बाय ३ च्या बॉक्समध्ये एखादा आकडा फक्त दोन घरांत बसू शकत असेल तरच तो कोपऱ्यात बारीक लिहायचा, तीन घरं असतील तर हात आवरायचा. समजा वरच्या डाव्या बॉक्समध्ये ४ फक्त मधल्या ओळीच्या पहिल्या आणि तिसऱ्या घरात बसतोय. लिहिला. आता शेजारच्या दोन्ही बॉक्समध्ये त्या ओळीत ४ येणार नाही, हे एक काम फुकटात झालं. थोड्या वेळाने ७ पण नेमका त्याच दोन घरांत अडकला, की ती दोन घरं ४ आणि ७ साठी बुक, तिसरं कोणी घुसू शकत नाही आणि बॉक्समधल्या उरलेल्या घरांमध्ये एकदम गर्दी कमी होते. रोज दोन क्लासिक, म्हणजे पेपरात येतात तशी साधी सुडोकू, फक्त याच पद्धतीने सोडवा, पहिला आठवडा चिडचिड होईल कारण वेळ उलट वाढतो, पण मग कमी व्हायला लागतो.

पण नुसत्या क्लासिकवर भागत नाही, अर्ध्याहून जास्त पॉइंट व्हेरिएंटचे, म्हणजे नियम थोडे बदललेल्या किंवा वाढवलेल्या प्रकारांचे असतात. किलर, थर्मो, अ‍ॅरो, इर्रेग्युलर, अँटी-नाइट, कॉन्सिक्युटिव्ह, यादी संपत नाही. प्रत्येकात एक-दोन ठरलेल्या युक्त्या असतात त्या आधी शिकायच्या. किलरमध्ये काही घरांभोवती केज म्हणजे चौकट आखलेली असते आणि त्यातल्या आकड्यांची बेरीज दिलेली असते, तिथे ४५ चा नियम, बॉक्समधल्या ९ आकड्यांची बेरीज कायम ४५, मग तीन केज मिळून अख्खा बॉक्स आणि बाहेरचं एक घर व्यापत असतील आणि त्यांची बेरीज ४८ असेल तर बाहेरच्या घरात ३, विषय संपला. दोन घरांच्या केजची बेरीज १७ म्हणजे ८-९, १६ म्हणजे ७-९, हे पाढ्यासारखं तोंडात पाहिजे. अ‍ॅरोमध्ये बाणावरच्या आकड्यांची बेरीज गोलात येते, बाणाची तीन घरं एकाच बॉक्समध्ये असतील तर गोलात कमीत कमी ६. कॉन्सिक्युटिव्हमध्ये शेजारच्या दोन घरांत लागोपाठचे आकडे (४-५ असे) असतील तर मधे खूण असते, ती खूण आहे तिथे सगळे बघतात, पण जिथे खूण *नाही* तिथे लागोपाठचे आकडे येऊच शकत नाहीत, खरा माल तिथे असतो.

राउंड सुरू झाला की पहिल्या पानापासून सरळ सोडवत जाऊ नका. पॉइंट साधारण टेस्टिंग करणाऱ्यांना लागलेल्या वेळेवरून ठरतात, म्हणजे प्रत्येक कोड्याचा भाव आधीच ठरलेला असतो, आणि तुम्हाला ज्यात हात बसलाय ते कोडं त्या भावात स्वस्त पडतं. मी आधी दोन क्लासिक करते, हात गरम व्हायला, मग किलर आणि थर्मो, इर्रेग्युलर सगळ्यात शेवटी कारण ते वाकडेतिकडे बॉक्स बघून माझं डोकं फिरतं. एखाद्या कोड्यात तीन मिनिटं एकही आकडा पडला नाही तर सरळ पान उलटा. इगो आणू नका, परत आलात की बऱ्याचदा दहा सेकंदात दिसतं.

आणि तपासणी. एक आकडा चुकला की अख्ख्या कोड्याचे शून्य, "जवळजवळ बरोबर" असं काही नसतं. ऑनलाइन असेल तर बाणाने दाखवलेल्या ओळीतले आकडे टाइप करायचे असतात, टाकायच्या आधी बोट ठेवून ओळ नीट वाचा, शेजारची ओळ टाइप केलेले किती जण असतील देव जाणे. माझा स्वतःचा घोळ त्याहून भारी. आईबरोबर पेपरातलं सोडवताना आम्ही मराठी आकडे लिहितो, तर एका राउंडला घाईत एका घरात मराठी चार लिहिला गेला, आणि शेवटी टाइप करताना तोच मी इंग्रजी आठ म्हणून वाचला. कोडं बरोबर सुटलेलं आणि पॉइंट गेले. तेव्हापासून प्रॅक्टिसला पण इंग्रजीच आकडे, आई हसते.

अंदाजाने भरायचं की नाही यावर लोक भांडतात. माझं मत, शेवटची दहा मिनिटं उरलीत आणि एखाद्या घरात दोनच पर्याय राहिलेत तर बिनधास्त एक धरून पुढे चला, फक्त तिथून पुढचं सगळं वेगळ्या रंगाने लिहा म्हणजे फसलात तर नेमकं तेवढंच खोडता येईल. त्याआधी नको, सवय लागते.

प्रिंट काढून पेन्सिलने सोडवा, वर्ल्ड चॅम्पियनशिप पण कागदावरच असते. ०.५ ची मेकॅनिकल पेन्सिल, वेगळा चांगला खोडरबर, टेबलावर फोन नाही. राउंड संपला की राहिलेली कोडी त्याच दिवशी घड्याळ न लावता पूर्ण करा आणि प्रत्येकापुढे कुठे अडकलात ते दोन शब्दांत लिहून ठेवा. माझ्या वहीत सध्या इर्रेग्युलरपुढे सगळीकडे एकच शेरा आहे, "बॉक्स कुठला तेच कळलं नाही".