मूल हवंय? मग फवारणीचं एवढं पाळा

तासगावकडच्या प्रत्येक द्राक्षबागायतदाराला बाटलीवरचा त्रिकोण माहीत असतो: लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे सौम्य. मी इथलीच, विषशास्त्र शिकलेली, म्हणून सांगते. तो रंग तात्काळ विषबाधेचा धोका दाखवतो. शुक्रजंतूंचं, गर्भाचं काय होईल ते त्यावरून कळत नाही. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होईनात. तपासणीत त्यांचे शुक्रजंतू घटलेले, काहींचे तर पार संपलेले निघाले. एरवी माणसं धडधाकट होती.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात. म्हणून दिवस राहावेत असं ठरवाल त्याच्या आधीचे तीन महिने पुरुषांनो, औषधापासून लांब राहा. गडी लावलात तर त्याच्याही घरी संसार आहे, त्यालाही पुढचं सगळं लागू.

पंप भरण्याआधी झाकण आणि वायसर बघा. पाठीवरचा पंप गळला की औषध कमरेवरून खाली उतरतं. पॅरॅथिऑन या कीटकनाशकाच्या प्रयोगात अंडकोशाच्या कातडीने हाताच्या कातडीपेक्षा जवळपास बारापट औषध शोषलं होतं! विजार भिजली की पंप तिथंच उतरवा, साबणाने अंग धुवा, कपडे बदला. ‘एवढी ओळ उरकतो’ म्हणू नका. नायट्राइल रबराचे हातमोजे, गमबूट हवेतच; नुसत्या रुमालाने भागत नाही.

ते कपडे घरच्या बादलीत नकोत. स्वतः, वेगळे धुवा. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत गर्भाचे अवयव घडायला लागलेले असतात. दिवस राहण्याची शक्यता असेल तर बाईने नुकत्याच फवारलेल्या बागेत विरळणीला जाऊच नये, कितीही घाई असली तरी.